'फ्लाय ॲश'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: चंद्रपूरच्या वीजकेंद्राजवळ तिथल्या कोळशाच्या राखेपासून विटा पाडणाऱ्या बचत गटासाठी मराठी माहितीपत्रक लिहिते आहे. 'फ्लाय ॲश'ला 'उडती राख' लिहिलं, तर गटातल्या ताई म्हणाल्या, "उडते ती राखेच्या तळ्यावरची, उन्हाळ्यात. आम्हाला टँकरमधून येते ती." मग काय लिहू? आणि 'बॉटम ॲश', 'पाँड ॲश' यांना वेगळे शब्द हवेतच का?

उत्तर: हवेतच. आपल्याकडच्या कोळशात तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त राखच असते. कोळशाची भुकटी जळली की हलकी राख धुराबरोबर वर जाते. चिमणीच्या आधी ईएसपी (धुरातली राख वेगळी करणारं यंत्र) तिला विजेच्या भारानं ओढून घेतो. ही फ्लाय ॲश, पिठासारखी मऊ. जड कण बॉयलरच्या तळाशी पडतात, ती तळराख. जाडीभरडी, वाळूऐवजी चालते. पाण्यात कालवून पाइपानं तळ्यात सोडतात ती तळ्यातली राख. भराव आणि रस्त्यांसाठी बरी. नुसतं 'राख' लिहिलं, तर कोणी तळ्यातली उचलून आणेल आणि विटेचं सगळं प्रमाण बिघडेल.

उत्तर: आपल्या गवंड्यांची 'सुरखी' विसरू नका! भाजलेल्या विटांची पूड चुन्यात मिसळायची, तीच सुरखी. तिच्यातली सिलिका चुन्याशी पाण्यात संयोग पावून घट्ट होते. फ्लाय ॲश नेमकं हेच करते. सिमेंटच्या गोणीवरचं 'पोझोलाना' म्हणजे याच जातीचा पदार्थ. नाव नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावावरून, तिथली ज्वालामुखीची राख रोमन लोक चुन्यात घालत. पीपीसी, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश असते. चुलीच्या राखेत हा गुण त्या मानानं फारच कमी, म्हणून दोन्हींना एकच नाव देणं मला पटत नाही.

उत्तर: माझी विनंती, 'टाकाऊ राख' तेवढं लिहू नका. घाटघरच्या धरणाच्या काँक्रीटमध्ये हीच राख आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या अधिसूचनेनुसार तर वीजकेंद्रांना सगळी राख वापरात आणायची आहे. 'टाकाऊ' वाचलं की गिऱ्हाईक वीट हातात घ्यायच्या आधीच भाव पाडतं.

प्रश्नकर्ती: आभार. 'फ्लाय ॲश (कोरडी राख)', 'तळराख' आणि 'तळ्यातली राख' असं ठेवते. सुरखीचा दाखलाही घालते, कारण या विटांना भट्टी नसते आणि ताकद सावकाश येते. पाणी मारायचा कंटाळा केला तर कोपरे झडतात, हे त्यावरून चटकन समजेल.