घरच्या बीअरच्या दोन बाटल्या फुटल्या, चार मात्र फसफसल्याच नाहीत

प्रश्न (फोंडा)
गेल्या महिन्यात मी 20 लिटर पेल एल (फिकट रंगाची एल बीअर) तयार केली. नवव्या दिवशी बुडबुडे थांबले होते आणि हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारे उपकरण; साखर आंबत जाते तशी घनता उतरते) 1.012 दाखवत होता, म्हणून त्याच संध्याकाळी 650 मिलीच्या जुन्या बाटल्या धुऊन नरसाळ्याने बीअर ओतली, प्रत्येकीत चहाचा एक शिगोशीग चमचा साखर घातली आणि हातकॅपरने बुचे बसवली. कोठीच्या खोलीचे तापमान 31 अंशांच्या आसपास असते. पंधराव्या रात्री दोन बाटल्या फुटल्या. काचेचा एक तुकडा तर तांदळाच्या डब्यामागे सापडला. उलट, उघडून पाहिलेल्या चार बाटल्यांना फेससुद्धा आला नाही. एकाच खेपेत असे का व्हावे, आणि उरलेल्या बाटल्यांचे काय करावे?

उत्तर (म्हापसा)
बुडबुडे थांबले म्हणजे आंबणे संपले, असे नसते. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली मापे तंतोतंत जुळली, तरच बाटल्या भराव्यात. शिवाय बहुतेक हायड्रोमीटर 20 अंशांसाठी आखलेले असतात आणि 31 अंशांना दोन-तीन अंक (म्हणजे 0.002 ते 0.003) कमी दाखवतात. म्हणजे आपली बीअर प्रत्यक्षात 1.014 ते 1.015 वर असणार. बाटलीत ती आणखी 4 अंकांनी उतरली, तर साखरेचा कणही न घालता तिच्या घनफळाच्या सुमारे दुप्पट वायू तयार होतो. त्यात आपला शिगोशीग चमचा म्हणजे सात-आठ ग्रॅम, लिटरला 11 ते 12 ग्रॅम. एलला सहा-सात ग्रॅम पुरतात. चमच्याचा नाद सोडून साखर वजनावर मोजावी, थोड्या पाण्यात उकळावी आणि सगळ्या बीअरमध्ये एकदाच हलक्या हाताने मिसळावी. नरसाळेही नको. बीअर उंचावरून पडली की तीत हवा मिसळते आणि पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडावी.

उत्तर (मडगाव)
उरलेल्या बाटल्यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये. डोळ्यांवर गॉगल, हातांत जाड मोजे आणि बाटलीभोवती ओला टॉवेल हवाच. आधी त्या पूर्ण गार कराव्यात, मगच बुचे ढिली करावीत. फेणी बरणीत वर्षानुवर्षे निमूट पडून राहते, कारण ऊर्ध्वपातनात यीस्ट मागेच राहते; बीअरमधले यीस्ट मात्र जिवंत असते.
फेस न आलेल्या बाटल्यांचे कारण मला साखरेत दिसत नाही, कारण साखर सगळ्यांत सारखीच होती. त्यांची तोंडे पाहावीत. फिरवून उघडायच्या, आट्यांच्या बाटलीवर साधे बूच नीट पकड घेत नाही आणि वायू हळूहळू निसटतो. बूच बोटांनी फिरत असेल, तर शंकाच नको. फुटलेल्या दोन बाटल्यांबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे: केवळ साखरच जास्त असती तर आणखीही फुटल्या असत्या, तेव्हा त्या दोहोंच्या तळाशी जुना गाळ चिकटलेला असून त्यातून रानटी यीस्ट शिरले असण्याचीही शक्यता आहे. नुसते धुणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे.

प्रश्नकर्ता (फोंडा)
फेस न आलेल्या चारही बाटल्या आट्यांच्याच निघाल्या. उरलेल्या 22 पैकी दहा फ्रिजमध्ये मावल्या, बाकीच्या बर्फ भरलेल्या मासळीच्या थर्मोकोल खोक्यात ठेवल्या. पहिले बूच ढिले करताच अर्धी बाटली फेसातच गेली.