लिनोकटचं हाताने केलेलं पुस्तक: आडवे मासे, देवनागरी नावं आणि बांधणीचा प्रश्न

खाडीकाठची (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. मी शाळेत चित्रकला शिकवते. मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलावाला येणाऱ्या माशांचं एक पुस्तक हाताने करायचं मनात आहे. बांगडा, सौंदाळा, सुरमई, रावस, मांदेली, मोरी असे बारा मासे लिनोवर (मऊ लिनोलियमच्या ठोकळ्यावर) कोरायचे आणि उंच राहिलेल्या भागाला शाई लावून छापायचे. प्रत्येकाखाली नाव आणि मासळी विकणाऱ्या बायका त्या माशाबद्दल जे सांगतात त्यातली एक ओळ. प्रती पंधराच. चार मासे कोरून झालेत. ठोकळा 10 बाय 25 सेंमी घेतलाय, कारण मासा आडवाच शोभतो.

इथला बाइंडर म्हणतो, कडेला डिंक मारून, कडा कापून पुस्तक करून देतो. पण तसं केलं तर पान सपाट उघडणार नाही आणि शेपटीकडचा भाग घडीत जाईल, म्हणून ती बांधणी मला नको वाटते. दुसरं म्हणजे अक्षरं. ‘बांगडा’ उलटा कोरायचा, तोही एवढ्या बारीक, आणि ‘ब’च्या पोटात शाई भरणार नाही असा, हे कसं साधतात? माझ्याकडे छपाईचा प्रेस नाही. कागद कोणता घेऊ, तेही सांगा.

ठसेवाली (कोल्हापूर)

ताई, उरलेले आठ मासे कोरण्याआधी बांधणी ठरवा. पुस्तक चित्रांपासून सुरू होत नाही, पान हातात कसं फिरणार इथून सुरू होतं. साध्या कागदाची डमी करा, त्यात पेन्सिलीने मासे काढा, चार जणांच्या हातात द्या आणि त्यांची बोटं कुठे जातात ते बघा.

तुमच्या 10 बाय 25 च्या ठोकळ्याभोवती थोडा समास सोडला की ते पोथीचं पान झालं. मी ठसे घेते, पुस्तकं बांधते, आणि मला मनापासून वाटतं की आपल्याकडे चित्रकार पुस्तक करायला बसला की पहिल्यांदा जपानी शिवण (कडेला भोकं पाडून घातलेली) शोधतो, देव्हाऱ्यातली पोथी त्याला आठवतच नाही. जपानी शिवण देखणी आहे, पण कण्याकडचे दोनेक सेंटीमीटर ती खाते आणि पान सपाट पडू देत नाही. आडव्या माशाला ती मारकच. पोथीची पानं सुटी असतात, खाली-वर दोन फळ्या आणि भोवती बासन. पूर्ण मासा डोळ्यांसमोर सपाट राहतो. आणि छापील पोथी ही काही आज सुचलेली कल्पना नाही. मिरजेत 1805 मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून गीता छापली होती, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्यात शिळाछापाच्या (दगडावरून छापलेल्या) पोथ्या निघत होत्या. चित्र आणि अक्षर एकाच ठशातून काढायची रीत आपल्या मातीत आहे. ती तुम्ही पुढे न्यावी असं मला फार वाटतं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. पोथीचं पान डावीकडे नाही, वरच्या बाजूला उलटतं. त्यामुळे मागच्या बाजूला ओळ छापणार असाल तर ती पुढच्या माशाच्या मानाने उलट्या डोक्याने छापावी लागेल, तरच पान उलटल्यावर सुलट दिसेल. हे डमीत करून बघा, नुसतं वाचून घोळ होतो.

कागद: पुण्याच्या हातकागद संस्थेत (1940 पासूनची आहे) सुती चिंध्यांपासूनचा कागद मिळतो. त्यातला गुळगुळीत दाबलेला घ्या. खडबडीत कागदावर खवल्यांच्या बारीक रेघा तुटतात. हाताने घासून ठसा घ्यायचा तर जाड कागद नको, शाई नीट उचलत नाही. 100-120 जीएसएमच्या (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) कागदावर छापा आणि पान दुहेरी करा: दुप्पट उंचीचा कागद घ्या, वरच्या लांब कडेला घडी घाला, छपाई बाहेरच्या बाजूंना. घडी उघडून छापताना मासा आणि मागची ओळ एकाच दिशेने सुलट छापा, घडी घातली की ओळ आपोआप उलट्या डोक्याची होते. मागचं पुढे दिसत नाही आणि पानाला अंग येतं.

प्रेसवाचून काहीही अडत नाही. कागदाच्या पाठीवर घासायला लाकडी डाव किंवा गुळगुळीत बुडाची वाटी चालते. कागदाचा एक कोपरा उचलून आत डोकवायचं, फिकं असेल तिथे पुन्हा घासायचं. ही सोय प्रेस देत नाही.

आता अक्षरं. काळं अक्षर ठेवून भोवतालचं कोरू नका. खाली काळी पट्टी ठेवा आणि त्यात अक्षरच कोरून काढा, म्हणजे काळ्यावर पांढरं नाव उमटेल. ‘ब’ भोवतीने कोरायचा तर पोटातली ती लहानशी जागा, तिच्यातली तिरकी रेघ आणि कडांचे कोपरे सांभाळावे लागतात. कोरून काढायचा तर व्ही आकाराच्या पटाशीच्या मोजक्या चाली: शिरोरेषा, दांडा, गोल, तिरकी. नाव ट्रेसिंग पेपरवर सुलट लिहा, कागद पालथा घाला, खाली कार्बन ठेवून गिरवा, आपोआप उलटं उतरेल. लिनो कडक वाटला तर दहा मिनिटं उन्हात ठेवा, लोण्यासारखा कापला जातो.

पोटात शाई भरते ती बहुतेक वेळा जास्त शाईमुळे. काचेवर रोलर फिरवताना आवाज ऐका. चप्‌चप् असा ओला आवाज येतो तोवर शाई जास्त आहे. बारीक, कोरडी चरचर ऐकू आली आणि काचेवरची शाई मखमलीसारखी दिसू लागली की थांबा.

जुना कंपॉझिटर (सांगली)

वरचं सगळं योग्य आहे. नावं पट्टीतच कोरावीत. पण बायकांच्या तोंडची जी ओळ आहे ती खिळ्यांत (शिशाच्या सुट्या अक्षरांत) जुळवता आली तर बघा. ट्रेडल (पायाने चालवायची छपाईयंत्रं) बंद पडले आणि खिळे भंगारात शिशाच्या भावाने गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. तरीही गावातल्या एखाद्या जुन्या छापखान्यात दोन-चार केशी (खिळे ठेवायचे खणांचे ट्रे) शिल्लक असतात. विचारायला लाजू नका, ते लोक आनंदाने दाखवतात. खिळ्याची उंची सुमारे 23.3 मिमी असते. लिनो प्लायवर चिकटवून तेवढाच उंच केला की मासा आणि मजकूर एका फर्म्यात (छपाईच्या चौकटीत), एका दाबात येतो. मात्र आधी त्यांच्या केशीतला एखादा खिळा मोजून घ्या.

फळ्यांना कापड चढवणार असाल तर गव्हाच्या पिठाची खळ करा, त्यात चिमूटभर मोरचूद घाला. कोकणात कसर फार लागते. मोरचूद विषारी आहे, भांडं वेगळं ठेवा, हात धुवा.

खाडीकाठची

दोघांचेही मनापासून आभार. पोथीची कल्पना वाचून रात्रीच डमी केली, पान वर उलटायचं गणित आता कळलं. कोरलेल्या चार ठोकळ्यांत खाली पट्टीला जागा नाही, तर नावासाठी वेगळा ठोकळा चालेल ना? आणि आमच्याकडे जूनपासून हवा ओली. तेलाची शाई वाळेल का?

ठसेवाली

वेगळी पट्टी उत्तम. उलट बाराही माशांची नावं वेगळ्या पट्ट्यांवरच करा, म्हणजे सगळीकडे सारखं दिसेल. पुठ्ठ्याचा एक काटकोनी कोपरा टेबलाला चिकटवा. ठोकळा आणि कागद दर वेळी त्याच कोपऱ्याला टेकवले की मासा नि नाव सरकत नाहीत.

पावसात तेलाची शाई फार रेंगाळते, आणि वाळण्याआधी पानं एकावर एक ठेवली तर पाठीला डाग पडतात. कोरायचं काम पावसाळ्यात उरका, छपाई दिवाळीनंतर घ्या. तोवर मासेही पुन्हा बंदरावर आलेले असतील, बांगड्याच्या पाठीवरच्या रेघा ताज्या माशावर पडताळून घेता येतील. शेवटच्या पानावर कागद, शाई, गाव, साल लिहा, आणि पेन्सिलीने 1/15, 2/15 असे आकडे घालून सही करा. पंधरा झाल्या की ठोकळ्यांवर एकेक आडवी रेघ कोरा. पंधरा म्हटलं की पंधराच, घेणाऱ्याला दिलेला शब्द आहे तो.

जुना कंपॉझिटर

रत्नागिरीत खिळे नाही मिळाले तर इथे लिहा. माझ्याकडे 16 पॉइंट आकाराच्या खिळ्यांची एक केस अजून जपून ठेवलेली आहे. ओळी पाठवा, जुळवून देतो.