क्यूएमूत मेमरी रिजनना नावं कशी द्यायची? सल्ला हवाय

रात्रपाळी: क्यूएमूमध्ये (अख्खं मशीन सॉफ्टवेअरमध्ये चालवणारा इम्युलेटर) पहिल्यांदाच डिव्हाइस मॉडेल, म्हणजे एका हार्डवेअरची सॉफ्टवेअर नक्कल, लिहितोय. रजिस्टर्सचा एक एमएमआयओ रिजन (मेमरीच्या पत्त्यांवरून रजिस्टर्स वाचता-लिहिता येतात तो भाग) आणि आतली 16 केबी एसरॅम (चिपमधली छोटी रॅम), दोन्ही सिसबसवर (बोर्डवर थेट जोडायच्या डिव्हाइससाठीची क्यूएमूची साधी बस) दिलेत. लिहिताना काही सुचेना म्हणून नावं "रिजन0" आणि "मेम" ठेवली, आता पॅच पाठवायच्या आधी नीट करायचंय. नावाने खरंच फरक पडतो का? आणि डॉक्युमेंटेशन कुठे नि काय लिहू?

बिटवाली: पडतो, पण दोघांना सारखा नाही. एमएमआयओचं नाव डीबगिंगपुरतं, मॉनिटरमध्ये (क्यूएमूचा कमांड कन्सोल) इन्फो एमट्री ही मेमरीचा नकाशा दाखवणारी कमांड मारली की पत्त्यांसमोर तेच दिसतं, उद्या बदललंस तरी काही मोडत नाही. रॅमचं मात्र तसं नाहीये, साध्या इनिट रॅम फंक्शनने केलेला रिजन मायग्रेशनमध्ये (व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, एका क्यूएमूतून दुसऱ्यात हलवणं) जातो आणि पलीकडे नावावरूनच ओळखला जातो. एका रिलीजमध्ये "मेम" गेलं आणि पुढच्यात "एसरॅम" केलंस की जुन्यावरून नव्यावर व्हीएम हलवताना "अननोन रॅमब्लॉक" म्हणून अडकणार. मी साफसफाई करताना एकदा हेच केलं होतं, शोधण्यात दोन दिवस गेले, म्हणून कळकळीने सांगतेय.

अजून एक, पीसीआय बसवरच्या डिव्हाइसच्या रॅमच्या नावाआधी क्यूएमू त्याचा पाथ (बसवरची जागा) जोडतं, सिसबसवरच्याला जोडत नाही. एकाच बोर्डवर तुझी दोन डिव्हाइस आली तर नावं भिडतील! अ‍ॅस्पीड या चिप कंपनीच्या मॉडेलमध्ये एसरॅमच्या नावाला सीपीयूचा आकडा जोडलाय तो बघ.

मधलाकंस: डॉक्युमेंटेशन हेडर फाइलमध्येच, "क्यूएमू इंटरफेस" अशी कॉमेंट टाकायची पद्धत आहे. सिसबस एमएमआयओ रिजन 0 म्हणजे काय, 1 म्हणजे काय, आयआरक्यू (इंटरप्टच्या लाइन) कुठले, प्रॉपर्टी कुठल्या. बोर्डवाला रिजन नंबरानेच मॅप करतो आणि नंबर ठरतो तू सिसबस इनिट एमएमआयओ हे फंक्शन कुठल्या क्रमाने बोलावलंस त्यावर, त्यामुळे क्रम लिहिला नाही तर बिचाऱ्याला तुझी सी फाइल उघडावी लागते. नमुना म्हणून टीझेड एमपीसीचं (आर्म ट्रस्टझोनचा मेमरी प्रोटेक्शन कंट्रोलर) हेडर वाच, 0 वर कॉन्फिग रजिस्टर्स, 1 वर अपस्ट्रीम बाजू (जिकडून विनंत्या येतात ती), सगळं स्पष्ट.

ॲक्सेस साइझचं (एका वेळी किती बाइट वाचायचे-लिहायचे) पण बघ. व्हॅलिड म्हणजे गेस्टला (क्यूएमूत चालणाऱ्या सॉफ्टवेअरला) काय चालतं, इम्पल म्हणजे तुझा कॉलबॅक (तू लिहिलेलं वाचा-लिहायचं फंक्शन) काय हाताळतो, दोन्हींत गल्लत फार होते. व्हॅलिडचे आकडे डेटाशीटमधून घे.

रात्रपाळी: दोघांचे मनापासून आभार. बोर्डवर दोन डिव्हाइस लावून बघितली, "ऑलरेडी रजिस्टर्ड" म्हणत लगेच अबॉर्ट! एसरॅमच्या नावात आता इंडेक्स घालतोय, तो बोर्डकडून प्रॉपर्टीने येईल. हेडरची कॉमेंट आज लिहितो.