एक्सेलमध्ये केळीभावाचा ग्राफ दर वेळी वेगळाच येतो, डिफॉल्ट सेटिंग कायमची कशी लावायची?

तापीकाठ (धागाकर्ती):

राम राम मंडळी. रावेर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी हिशेब आणि रिपोर्टचं काम बघते. दर शनिवारी केळीच्या भावाचा ग्राफ एक्सेलमध्ये करून सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा असतो. नवती (नव्या लागवडीची केळी), पिलबाग (पिलांवर घेतलेली) आणि वापसी (कमी प्रतीची) अशा तीन रेषा, सोबत बऱ्हाणपूरच्या भावाची चौथी. दुसरा ग्राफ विक्रीच्या रकमेचा.

अडचण अशी की नवीन ग्राफ घातला की एक्सेल आपल्या मनाचंच काढतं. रेषांऐवजी उभे खांब येतात. रंग कधी नवतीला निळा, कधी वापसीला निळा. रकमेचे आकडे लाखात न येता 1,250,000 असे परदेशी स्वल्पविरामात येतात. रविवारी भाव निघत नाही, तर त्या दिवशी रेष थेट शून्यावर आपटते आणि सोमवारी पुन्हा वर जाते. आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे उभा अक्ष एका आठवड्यात शून्यापासून सुरू होतो, पुढच्या आठवड्यात भलत्याच आकड्यापासून.

या शेवटच्या गोष्टीचा मला खरा घोर आहे. समजा भाव क्विंटलला १,९०० वरून १,८२० झाला. अक्ष १,८०० पासून सुरू झाला तर ती उतरण डोंगराच्या कड्यासारखी दिसते. घड तयार झाला की तो झाडावर फार दिवस ठेवता येत नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही, त्यामुळे असा ग्राफ बघून लोक धास्तावतात आणि घाईने माल कापायला लावतात. चार टक्क्यांची उतरण त्यांना चार टक्क्यांएवढीच दिसली पाहिजे. आमचे बरेच सभासद आकड्यांचा तक्ता वाचत नाहीत, रेष बघतात. म्हणून ती रेष दर शनिवारी एकाच मापाने निघावी, एवढीच माझी मागणी आहे.

मी ग्राफवर राइट क्लिक करून ‘सेव्ह अ‍ॅज टेम्प्लेट’ केलं. माझ्या कॉम्प्युटरवर ते लागतं, पण सावद्याच्या केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर दिसत नाही. तेच टेम्प्लेट रकमेच्या ग्राफला लावलं तर रेष वरून कापली जाते. माझ्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे, केंद्रावर एक्सेल २०१६. कोणी नीट सांगेल का?

पांझरा:

ताई, मी धुळ्यात जिनिंगच्या हिशेबावर आहे. आमच्याकडे कापसाची आवक, रुईचा उतारा आणि गाठी यांचे ग्राफ रोज निघतात, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे.

टेम्प्लेटची फाइल ज्या कॉम्प्युटरवर केली तिथेच, त्याच युजरच्या फोल्डरमध्ये राहते. तुमची एक्सेलची वर्कबुक ईमेलने पाठवली तरी टेम्प्लेटची फाइल सोबत जात नाही. सी ड्राइव्हमध्ये युजर्स, मग तुमच्या युजरचं नाव, अ‍ॅपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, टेम्प्लेट्स, चार्ट्स असं आत जा. अ‍ॅपडेटा फोल्डर लपवलेला असतो, तेव्हा आधी फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये ‘हिडन आयटम्स’वर टिक करा. तिथली सीआरटीएक्स फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि सावद्याच्या कॉम्प्युटरवर याच ठिकाणी टाका. एक्सेल बंद करून उघडलं की दिसेल.

आता डिफॉल्ट. ‘इन्सर्ट’मधून चार्टची पूर्ण खिडकी उघडा, ‘ऑल चार्ट्स’मध्ये ‘टेम्प्लेट्स’ घ्या, तुमच्या टेम्प्लेटच्या चित्रावर राइट क्लिक करून ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट चार्ट’ म्हणा. यानंतर डेटा निवडून आल्ट आणि एफ१ दाबलं की त्याच शीटवर तुमच्याच पद्धतीचा ग्राफ येतो. नुसतं एफ११ दाबलं तर वेगळ्या शीटवर. ‘रेकमेंडेड चार्ट्स’चं बटण मात्र वापरू नका, ते तुमचं डिफॉल्ट न बघता स्वतःच्याच सूचना देतं. सावद्याच्या कॉम्प्युटरवरही डिफॉल्ट स्वतंत्र लावावं लागेल.

रंगांचं कारण: टेम्प्लेट रंग नावाला देत नाही, क्रमाला देतं. पहिल्या कॉलमला पहिला रंग, दुसऱ्याला दुसरा. एखाद्या आठवड्यात पिलबागचा भाव नाही म्हणून तो कॉलमच काढून टाकला, तर वापसी पिलबागच्या रंगात जाते. कॉलम रिकामा राहिला तरी चालेल, पण जागेवर ठेवा.

भुसावळ जंक्शन:

अक्षाबद्दल मी सांगतो. एक्सेल हे लहरीने करत नाही, त्याला नियम आहे. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा यांतला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण १६.६७ टक्क्यांपेक्षा, म्हणजे एक षष्ठांशापेक्षा जास्त असेल तर अक्ष शून्यापासून सुरू होतो. कमी असेल तर शून्याच्या वरच्या एखाद्या आकड्यापासून. तुमच्या १,९०० आणि १,८२० मध्ये फरक ८० चा, म्हणून शून्य गायब. ज्या आठवड्यात वापसीचा भाव फार खाली असेल त्या आठवड्यात शून्य परत येणार.

उपाय: उभ्या अक्षावर राइट क्लिक, ‘फॉरमॅट अ‍ॅक्सिस’, त्यात ‘मिनिमम’ला ० लिहा. ‘मॅक्सिमम’ला हात लावू नका, ते ऑटोवरच राहू द्या. तुमची रकमेची रेष कापली गेली ती याच कारणाने असणार. भावाच्या ग्राफमध्ये वरची मर्यादा पक्की झाली आणि टेम्प्लेटने तीही जपून ठेवली.

एक मत वेगळं मांडतो. व्यापाऱ्याला ५० रुपयांची हालचाल दिसायला हवी असते, शून्यापासून काढलेल्या ग्राफमध्ये ती दबते. मी दोन्ही ग्राफ दिले असते.

तापीकाठ:

दोघांचे मनापासून आभार. हा एक षष्ठांशाचा नियम कळला म्हणून आता सभासदांनाही समजावून सांगता येईल.

भाऊ, तुमचं म्हणणं व्यापाऱ्यासाठी पटतं. पण आमचा ग्राफ शेतकऱ्याच्या मोबाइलवर जातो आणि तिथे एकाखाली एक दोन वेगळ्या मापांचे ग्राफ गेले तर गोंधळ वाढेल. मी शून्यापासूनचाच ठेवीन आणि रेषेच्या शेवटच्या टोकाला त्या दिवसाचा भाव आकड्यात लिहीन. ५० रुपयांचा फरक तिथे वाचता येईल.

रविवारचं मात्र सुटलं नाही. ‘सिलेक्ट डेटा’मधल्या ‘हिडन अँड एम्प्टी सेल्स’मध्ये ‘गॅप्स’च निवडलेलं आहे, तरी रेष शून्यावर जाते.

पांझरा:

त्या सेलमध्ये फॉर्म्युला आहे का? भाव नसेल तर दोन अवतरण चिन्हं देऊन रिकामं दाखवणारा? तसं असेल तर तो सेल आपल्याला रिकामा दिसतो, पण एक्सेलच्या लेखी त्यात मजकूर आहे, आणि मजकूर म्हणजे ग्राफवर शून्य. ‘गॅप्स’ची सेटिंग फक्त खरोखर रिकाम्या सेलला लागू होते. अवतरण चिन्हांच्या जागी एनए हे ‘आकडा नाही’ असं सांगणारं फंक्शन टाका, कंसासह, म्हणजे NA(). २०१६ मध्ये रेष शनिवारवरून सरळ सोमवारला जोडली जाईल. ३६५ मध्ये त्याच खिडकीत एनएला रिकामा सेल मानायचा पर्याय आहे, तो लावला तर मोकळी जागा सुटेल.

लाखांसाठी अक्षाच्या ‘नंबर’मध्ये कस्टम फॉरमॅट म्हणून हे चिकटवा आणि ‘लिंक्ड टु सोर्स’ची टिक काढा:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

किंवा त्याहून सोपं, ‘डिस्प्ले युनिट्स’मध्ये एक लाखाचा पर्याय असतो. तो घेतला की अक्षावर १२, १४, १६ असे सुटसुटीत आकडे येतात. बाजूच्या लेबलमध्ये ‘लाख रुपये’ असं मराठीत लिहा.

तापीकाठ:

फॉर्म्युलाच होता! सगळ्या शीटमध्ये तोच आहे. एनए घातल्यावर रविवारचा खड्डा गेला. मी केंद्रावर आणि इथे दोन्हीकडे रेष जोडलेलीच ठेवते, म्हणजे दोन ठिकाणचे ग्राफ सारखे दिसतील, आणि खाली ‘रविवारी भाव नाही’ अशी ओळ टाकते.

आता दोन टेम्प्लेट केली आहेत, एक भावाचं आणि एक रकमेचं लाखातलं. डिफॉल्ट एकच ठेवता येतं, म्हणून तिथे भावाचं लावलं. रकमेचं ‘टेम्प्लेट्स’मधून हाताने निवडते. अक्षरांना निर्मला यूआय फॉन्ट दिला, कारण विंडोज १० वर तो दोन्ही कॉम्प्युटरवर आहेच आणि ‘पिलबाग’ची वेलांटी छोट्या चित्रातही स्वच्छ दिसते.

एवढं एकच राहिलं: आधीच काढून ठेवलेले मागच्या हंगामाचे ग्राफ एकदम नव्या टेम्प्लेटमध्ये बदलता येतात का, की प्रत्येकावर जाऊन ‘चेंज चार्ट टाइप’ करावं लागतं?

भुसावळ जंक्शन:

साध्या पद्धतीने प्रत्येकावर जावं लागतं. ग्राफ खूप असतील तर मॅक्रोने, म्हणजे एक्सेलमध्येच चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, सगळ्यांना एकाच वेळी टेम्प्लेट लावता येतं. शीटची रचना इथे टाका, किती शीट आणि प्रत्येकीवर कोणते ग्राफ आहेत ते लिहा, आज रात्री बसून मॅक्रो लिहून देतो. चालवण्याआधी वर्कबुकची एक प्रत बाजूला काढून ठेवा, मॅक्रोने केलेला बदल अनडू होत नाही.