मदत हवी आहे : जुना पॉवर टिलर घ्यावा की सोडावा?

खानापूर_शिवार
जुना मित्सुबिशी शक्ती बघून आलोय. मालक रोटरीसकट 55 हजार म्हणतोय. उद्या दुसरं गिऱ्हाईक येणार आहे म्हणे. इंजिन एका हँडलात चालू झालं, आवाज बरा वाटला. घ्यावा की नको, एवढंच सांगा. नवा परवडत नाही, तो सल्ला नको.

लोखंडी_चाक
मॉडेल कुठलं? 130 डीआय म्हणजे 13 एचपी, त्याचे सुटे भाग बेळगावात मिळतात. त्याच्या आधीचा असला तर पुली, गिअर शोधत फिरावं लागेल. आणि काम काय, चिखलणी की ऊस?

निपाणी_रान
एका हँडलात चालू झालं याला काय अर्थ नाही. गिऱ्हाईक यायच्या आधी मशीन तापवून ठेवतात. गेल्या गेल्या सायलेन्सरला आणि पाण्याच्या टाकीला हात लावून बघायचं. गरम लागलं तर चहा पिऊन या, शिवार फिरून या, पार गार झाल्यावर बघा.
गार इंजिनाचं डिझेल बंद करा, डिकॉम्प्रेशन लिव्हर (व्हॉल्व्ह उघडून हँडल हलकं करणारा) न दाबता हँडल सावकाश फिरवा. एका जागी अडून हँडलनं हाताला मागं रेटलं पाहिजे. न अडता फुस्स करून फिरलं तर आवाज कुठनं येतोय ते ऐका. ऑइल भरायच्या तोंडातनं आला तर रिंगा-लायनर गेले. सायलेन्सरमधनं आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर क्लीनरमधनं आला तर इनटेक. पाण्यात बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

ऊस_गडी_चिकोडी
3 फुटी सरीत हा जात नाही हं. 4 फुटी तरी पाहिजे. त्यापेक्षा पेट्रोलचा वीडर घ्या.

खानापूर_शिवार
भातासाठी पाहिजे, चिखलणीला. 130 डीआयच आहे. गिअर बॉक्स चांगला आहे म्हणाला मालक.

लोखंडी_चाक
मालक म्हणाला! मग बघायचंच नको. अहो, भातात चाललेल्या टिलरचं इंजिन नंतर जातं, आधी गिअर बॉक्स जातो. चाकाच्या अॅक्सलचं ऑइल सील गेलं की चिखलाचं पाणी आत शिरतं. मशीन रात्रभर उभं राहू दे, सकाळी चालू करायच्या आधी ड्रेन बोल्ट दोन आटे सैल करा. पाणी तळाला बसतं, त्यामुळं आधी तेच गळतं. ऑइल ताकासारखं पांढरट निघालं तर बेअरिंगांचा खर्च धरून चाला. कोरं करकरीत ऑइल दिसलं तरी विचारा, कधी बदललं आणि का.

देसी_जुगाड
इंजिनचं एवढं काय घेऊन बसलाय? बसलंच तर चायना इंजिन टाकायचं, काम खल्लास.

निपाणी_रान
असं कसं खल्लास? फाउंडेशनची भोकं जुळत नाहीत, पट्ट्या वेल्ड करत बसावं लागतं. पुल्या एका रेषेत आल्या नाहीत की बेल्ट कातरतो. असले सल्ले देऊ नका.

देसी_जुगाड
ज्याला जमतं तो करतोय.

बैलहोंगलकर
फ्रूट्स आयडी (कर्नाटकातला शेतकरी नोंदणी नंबर) काढा आणि रयत संपर्क केंद्रात, म्हणजे शेती खात्याच्या केंद्रात अर्ज करा, सबसिडीत नवा मिळतो.

खानापूर_शिवार
नवा नको म्हणून वरच लिहिलंय. वाचा की.

बैलहोंगलकर
बरं, मग मूळ बिल तरी मागा. इंजिन आणि चेसिस नंबर बिलाशी जुळवा. आधीच्यानं सबसिडीत घेतलेला असला तर केंद्रात चौकशी करूनच पैसे द्या.

लोखंडी_चाक
रोटरी उचलून धरा आणि ब्लेड हातानं पुढं-मागं हलवा. जास्त हललं तर चेन सैल आहे नाहीतर बुश गेलेत. चेन केसवर वेल्डिंगची रेघ दिसली तर तिथनं ऑइल गळणारच. पुलीच्या खाचेचा तळ चकाकत असला तर बेल्ट तळाला टेकतोय, म्हणजे पुली झिजली. मग नवा बेल्टसुद्धा घसरणार. शेवटी चढाला दुसऱ्या गिअरवर लोड देऊन चालवा, गिअर आपोआप सुटला तर सरळ परत या.

ऊस_गडी_चिकोडी
खानापूरकडं उताराची रानं. उतारावर मशीन रेटत असताना साइड क्लच (वळवायचा, हँडलबारवरचा) उलटा चालतो, डावा दाबला की मशीन उजवीकडं वळतं. नवख्याच्या हातात देऊ नका.

खानापूर_शिवार
आत्ता परत जाऊन बघितलं. गार इंजिनाला हँडल नीट अडत नाही, फुस्स सायलेन्सरमधनं येतंय. ड्रेन बोल्टला हात लावू देत नाही.

निपाणी_रान
आधी डिकॉम्प्रेशन लिव्हर पूर्ण मागं येतोय का बघा. अर्धवट अडकला तरी असंच होतं. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा गॅप. गॅपच उरला नसेल तर चांगला व्हॉल्व्हसुद्धा उघडा राहतो. दोन्ही बरोबर असतील तर हेड उतरवून व्हॉल्व्ह ग्राइंडिंग करावं लागेल. तेवढं काम परवडतं.

लोखंडी_चाक
हेडचं काम परवडतं, गिअर बॉक्सचं नाही. बोल्ट सोडू देत नसेल तर बयाणा देऊ नका. दुसरं गिऱ्हाईक येऊ दे की.

खानापूर_शिवार
लिव्हरच अडकत होता, डिझेल मारून मोकळा केला. आता अडतंय हँडल. बोल्ट सकाळी सोडतो म्हणालाय. 45 ला येईल असं दिसतंय. तीन बेल्टांतला एक फाटलाय, तेवढाच बदलला तर चालेल काय?

निपाणी_रान
नाही. तिन्ही एकदम बदला. जुने ताणलेले असतात, सगळा भार नव्यावर येतो आणि तो आधी तुटतो. केज व्हील (चिखलणीची लोखंडी चाकं) त्यातच देतोय काय तेही आत्ताच विचारून घ्या.