मुलाच्या दप्तरात चाकू सापडला; त्याला काय सांगू?

प्रश्न

गेल्या महिन्यात भररस्त्यात एकोणीस वर्षांच्या एका पोराला भोसकून मारलं. मारणारे दोघे सतराचे. तेव्हापासून एकच चर्चा ऐकतोय: वयाची सूट काढा, आईबापांनाही आत टाका. काल माझ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात, वह्यांच्या खाली, घडीचा चाकू सापडला. म्हणतो, "सगळे ठेवतात. मी कुणाच्या वाटेला जाणार नाही, पण कुणी अंगावर आलं तर?" मी काही बोलूच शकलो नाही. चाकू माझ्या कपाटात आहे. त्याला काय उत्तर द्यायचं?

उत्तर १

माझा धाकटा भाऊ असाच गेला. मारणाऱ्याचं वय सांगून मला कुणी समजावायला येऊ नये. कडक शिक्षा हवीच. पण तुमचा मुलगा अजून गुन्हेगार नाही. आजच बोला.

उत्तर २

मी अकरा वर्षं कॅज्युअल्टीत नर्स आहे. वरच्या ताई/दादांचा राग मला कळतो, अशा घरच्यांना बातमी सांगताना मी शेजारी उभी असते.

तुमच्या मुलाला मांडीबद्दल सांगा. या पोरांना वाटतं, पोटात मारलं तर माणूस मरतो, मांडीत मारलं की नुसती अद्दल घडते. मांडीतली मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांत जीव जातो, ॲम्ब्युलन्स पोचायच्या आत. "मी फक्त पायावर मारलं होतं" म्हणत ढसाढसा रडणारा मुलगा मी पाहिलाय. तो खोटं बोलत नव्हता.

आणि बचावाचं म्हणाल, तर चाकू वार अडवत नाही. तो खिशात असला की पोरगं पळायचं सोडून उभं राहतं, आणि समोरच्याकडेही असतोच.

शिक्षेच्या वादात एक गोष्ट हरवते. स्कॉटलंडमधलं ग्लासगो एकेकाळी सुऱ्यांच्या मारामाऱ्यांसाठी कुप्रसिद्ध होतं. 2005 मध्ये तिथल्या पोलिसांनीच वेगळं पथक काढलं आणि हिंसेकडे साथीच्या रोगासारखं पाहायला सुरुवात केली. धरपकड थांबवली नाही, पण टोळीतल्या पोरांना बोलावून सांगितलं: हे सोडा, शिक्षण-कामासाठी मदत करतो, नाही सोडलंत तर कारवाई होणार. पुढे इस्पितळातही माणसं नेमली. जखमी पोराच्या खाटेशी बसून बोलणारी, त्यातली काही स्वतः त्याच आयुष्यातून बाहेर पडलेली. टाके घालताना पोरं खरं बोलतात, हे मी रोज बघते. नंतर मात्र त्यांना विचारणारं कुणी नसतं.

म्हणून "चाकू का ठेवलास" असं विचारू नका. "कुणाची भीती वाटते" ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, विचारलं. बराच वेळ नुसता बसून होता. मग दोन नावं सांगितली. पुलाखाली त्याला चार महिन्यांपासून अडवतात, एकदा फोन काढून घेतला होता. आम्हाला फोन "हरवला" असं सांगितलं होतं, आणि मी त्यावरून त्याला झापलं होतं. उद्या शाळेत आणि मग पोलिसांकडे जातोय, तोही येतो म्हणालाय. तोवर घ्यायला मीच जाईन.

झोपताना त्याने विचारलं, "बाबा, मांडीचं खरंय?"