नॉर्दर्न डान्सरचे नाव प्रत्येक वंशावळीत का सापडते?

कुमैत:
पुण्यात धावणाऱ्या एका घोडीत माझ्या मित्राचा छोटासा हिस्सा आहे. परवा तो तिची सहा पिढ्यांची वंशावळ घेऊन आला. ती वाचताना जे नाव पुन्हा दिसेल त्यावर मी पेन्सिलने खूण करत गेलो, तर सहाव्या पिढीत नॉर्दर्न डान्सर चार ठिकाणी निघाला. हा घोडा जेमतेम दोन हंगाम धावला आणि अमेरिकेतील ट्रिपल क्राउनची (केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तीन मोठ्या शर्यतींची मालिका) तिसरी शर्यतही हरला, इतके मला ठाऊक आहे. मग त्याच्यापेक्षा मोठे पराक्रम करणारे घोडे मागे पडले आणि हा सगळीकडे पसरला, हे कसे झाले? शिवाय एकच पूर्वज चार वेळा येणे घोडीच्या दृष्टीने चिंतेचे आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

नालबंद:
आधी हे लक्षात घ्या की या घोड्याला सुरुवातीला कोणी विचारतही नव्हते. त्याची आई नतालमा १९६० च्या वसंतात गुडघा दुखावल्याने शर्यतींतून बाद झाली. पैदाशीचा हंगाम संपत आला असताना मालक ई. पी. टेलर यांनी तिला कॅनडात परत आणून निअर्क्टिक या आपल्याच घोड्याला दाखवले, म्हणजे त्याच्याशी तिचा संयोग घडवला. घोडी अकरा महिन्यांनी विते, त्यामुळे कॅनडातील ओशावा येथे शिंगरू जन्मले ते २७ मे १९६१ रोजी, म्हणजे बरेच उशिरा. उत्तर गोलार्धात सर्व घोड्यांचे वय १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे २ मे १९६४ रोजी तीन वर्षांच्या घोड्यांची केंटकी डर्बी त्याने जिंकली, तेव्हा त्याला खरोखरची तीन वर्षे पूर्णही झाली नव्हती! त्या दिवशी जॉकी बिल हार्टॅकने हिल राइजला मानेभराच्या फरकाने मागे ठेवले आणि २ मिनिटांचा विक्रम नोंदवला, जो १९७३ मध्ये सेक्रेटेरिएटने मोडला.

टेलर आपल्या सर्व शिंगरांवर ठरावीक किमती लावून विक्रीला ठेवत. याची किंमत २५,००० डॉलर होती, पण अंगकाठी ठेंगणी म्हणून गिऱ्हाईक मिळाले नाही आणि तो घरीच राहिला. दोन वर्षांचा असताना त्याचे खूर चिरले, तेव्हा नालबंदाने चिरेवर रबराचे ठिगळ बसवून त्याला पुन्हा धावण्याजोगे केले. (माझ्या टोपणनावामुळे हा प्रसंग मला विशेष प्रिय आहे.) डर्बीनंतर त्याने प्रीकनेस जिंकली, बेलमाँटमध्ये तो तिसरा आला, मायदेशी क्वीन्स प्लेट जिंकली आणि पायाची नस दुखावल्याने निवृत्त झाला. १८ शर्यतींत १४ विजय मिळवणारा हा घोडा एकदाही तिसऱ्याच्या खाली गेला नाही. तेव्हा ‘पराक्रम बेताचा’ म्हणणे त्याच्यावर अन्याय आहे.

पागेवाला:
वरील माहितीत भर घालतो, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर शर्यतींपेक्षा पैदाशीत आहे. त्याच्या दुसऱ्याच वर्षीच्या शिंगरांत निजिन्स्की निघाला. आयरिश ट्रेनर व्हिन्सेंट ओब्रायन कॅनडात गेले होते दुसरेच शिंगरू पाहायला, पण त्यांच्या मनात भरला तो हा. १९७० मध्ये निजिन्स्कीने इंग्लंडचा ट्रिपल क्राउन जिंकला आणि ते त्यानंतर आजवर कोणाला जमलेले नाही. तिथून युरोपचा पैसा या रक्तामागे धावू लागला. १९८३ मध्ये केंटकीच्या लिलावात नॉर्दर्न डान्सरच्या एका शिंगराला १ कोटी २ लाख डॉलर मिळाले. स्नाफी डान्सर नावाचे हे शिंगरू एकही शर्यत धावले नाही आणि पैदाशीतही जवळजवळ निकामी ठरले. तरीही बापाला एक घोडी दाखवण्याचा दर दहा लाख डॉलरपर्यंत चढला, तोही शिंगरू जगेल याची हमी न देता. १९८४ च्या इंग्लिश डर्बीत पहिला सेक्रेटो आणि दुसरा एल ग्रान सेन्योर हे दोघेही त्याचेच मुलगे होते.

मात्र तो सर्वत्र पसरला तो मुलांमुळे. पुष्कळ थोर घोड्यांची मुले चांगली धावतात आणि तिथेच वंश थांबतो. याची मुले स्वतः थोर बाप ठरली. त्याचा मुलगा सॅडलर्स वेल्स ब्रिटन-आयर्लंडमध्ये १४ वेळा अव्वल बाप (ज्याच्या संततीने त्या वर्षी सर्वाधिक बक्षिसे मिळवली असा घोडा) ठरला आणि सॅडलर्स वेल्सचा मुलगा गॅलिलिओ १२ वेळा. नॉर्दर्न डान्सरच्याच डँझिग या मुलाचा मुलगा डेनहिल आयर्लंडचा हंगाम संपला की विमानाने ऑस्ट्रेलियात जाई आणि तिथेही त्याची संतती पसरली. आपल्याकडे उषा स्टड या घोड्यांच्या पैदास केंद्रात असलेला रझीन हाही नॉर्दर्न डान्सरचाच मुलगा होता आणि भारतात तो अनेकदा अव्वल बाप ठरला. त्यामुळे पुण्यात हे नाव दिसावे यात नवल नाही.

कुमैत:
दोघांचेही आभार. चिंतेचा प्रश्न मात्र राहिलाच.

नालबंद:
चिंता एका घोडीपेक्षा साऱ्या जातीची आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात पाहिलेल्या थरोब्रेडांपैकी (म्हणजे शर्यतीच्या या जातीच्या घोड्यांपैकी) ९७ टक्क्यांच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सर सापडला आणि नात्यातल्या नात्यात होणारी पैदास वाढत असल्याचेही दिसले. त्याच वर्षी थरोब्रेडांची नोंदणी ठेवणाऱ्या अमेरिकेच्या जॉकी क्लबने एका घोड्याला वर्षाला १४० पेक्षा जास्त माद्या दाखवू नयेत असा नियम केला, पण मोठ्या स्टड फार्मांनी न्यायालयात धाव घेतल्यावर २०२२ मध्ये तो मागे घेतला. माझ्या मते ती माघार चुकीची होती.

तरीही जवळचे नाते म्हणजे अपयशच, असे नाही. १४ पैकी १४ शर्यती जिंकणाऱ्या फ्रँकेलच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सर बापाकडून तिसऱ्या आणि आईकडून चौथ्या पिढीत आहे, म्हणजे तुमच्या मित्राच्या घोडीपेक्षा कितीतरी जवळ. सहाव्या पिढीत ६४ पूर्वज असतात, म्हणून तिथली चार नावे मिळून रक्ताचा वाटा सरासरी सोळावा हिस्सा होतो, जितका चौथ्या पिढीतल्या एकाच पूर्वजाचा असतो. मित्राला म्हणावे, नाव किती वेळा आले हे मोजण्याऐवजी ते कितव्या पिढीत आहे ते पाहा, आणि बाप व आई अशा दोन्ही बाजूंना आहे का तेही पाहा. पुढे घोडीसाठी बाप निवडताना त्या कागदाशेजारी त्याचीही वंशावळ ठेवा.